टेंब्यांचा लाल ठिपका

टेंब्यांच्या कोटाच्या खिशात कायम दोन वस्तू असायच्या. एक भिंग आणि एक लाल मार्कर. भिंगातून दोष शोधायचा आणि मार्करने त्याच्यावर ठिपका द्यायचा. माणसाला जगायला याहून जास्त काही लागतं असं त्यांना कधी वाटलं नाही.

ईशान, तारा, तुम्ही त्यांना पाहिलं आहे, पण आठवत नसेल. तुम्ही ऑकलंडला जाण्याआधी इथे बर्मिंगहॅममध्ये ते आमच्या शेजारच्या घरात राहायचे. तारा तेव्हा कडेवर होती. टेंब्यांनी तिच्यावर भिंग धरलं आणि तुमच्या आईला म्हणाले, "डावा कान किंचित खाली आहे." तुमच्या आईपुढे अजूनही त्यांचं नाव काढायची सोय नाही.

परवा फोनवर ताराने तिचं नवं क्रिकेटचं कार्ड दाखवलं. जाड प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद केलेलं, आत खेळाडूच्या शर्टाचा एक तुकडा, खाली त्याची सही, वर दहापैकी दहा मार्कांची चिठ्ठी. म्हणाली, "आजी, नवीन एवढं महाग झालंय, तर जुनी कार्ड्स किती महाग झाली असतील! तिकडे कोणाकडे आहेत का?" मी तेव्हा नुसतं "बघते" म्हटलं. या प्रश्नाचं उत्तर टेंबे देऊन गेले आहेत. गेल्या हिवाळ्यात ते वारले. क्रिमेटोरियममध्ये आम्ही मोजके लोक होतो आणि कोणाला घाई नव्हती, तरीही सगळं ठरल्या वेळेआधी उरकलं. त्यांच्याबद्दल बोलायला कोणी उठलं नाही. म्हणून मी लिहिते आहे. गोड लिहिणार नाही.

मोटारीच्या गिअरबॉक्सचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ते तपासणीला होते. माल पुढे जाण्याआधी शेवटचा हात त्यांचा. पसंत माल सरळ खोक्यात जायचा, नापसंत मालावर लाल रंगाचा ठिपका पडायचा. इंग्लिश कामगार त्यांना घाबरायचे, याचा त्यांना फार अभिमान होता. मग कारखाना बंद पडला. नाकारायला माल उरला नाही, म्हणून टेंबे माणसांकडे वळले.

मंडळाच्या गणपतीत एकदा त्यांच्या बायकोने, सुशीलाने, उकडीचे मोदक केले होते. पहाटेपासून ती हॉलच्या किचनमध्ये उभी होती. पान वाढून झाल्यावर टेंब्यांनी एक मोदक उचलला, दिव्याकडे धरला, भिंग लावलं. "ही कळी उघडी पडलीय. रिजेक्ट." आणि मोदक ताटाबाहेर ठेवून दिला.

सुशीला हसली. तिला हसताना बघून बाकीचेही हसले. त्या घराची पद्धतच तशी होती. टेंबे ठिपका द्यायचे, सुशीला हसायची, पाहुण्यांची सुटका व्हायची.

घरात सगळीकडे ते लाल ठिपके होते. टवका उडालेल्या कपावर, डुगडुगणाऱ्या खुर्चीवर, नीट न बसणाऱ्या डब्याच्या झाकणावर. पण ठिपका पडलेली वस्तू कधी फेकली जायची नाही की दुरुस्त व्हायची नाही. ठिपका घेऊन ती तिथेच राहायची. चांगले कप पाहुण्यांना. सुशीलाचा चहा कायम ठिपकेवाल्या कपात.

आता कार्डांबद्दल. महायुद्धाआधी या देशात सिगारेटच्या पाकिटात चित्रांची छोटी कार्डं यायची. लोक ती जमवायचे. टेंबे इथे आले त्या पहिल्याच हिवाळ्यात चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत त्यांना क्रिकेटपटूंचा एक अख्खा अल्बम मिळाला. त्यात भारतातून आलेल्या जुन्या संघातला एक गोलंदाज होता. मोठ्या मिशा, अंगात ब्लेझर, कपाळ भलं रुंद. पुढे टेंब्यांनी खूप कार्डं घेतली, पण ते म्हणत, "बाकी सगळे वऱ्हाडी. नवरदेव हा एकच." सुशीला त्या मिशीवाल्याला भावोजी म्हणायची.

खंडेनवमीला आपल्याकडे अवजारांची पूजा होते हे तुम्हाला माहीत आहे. ज्यावर पोट चालतं ते त्या दिवशी देवापुढे मांडायचं. टेंबे कारखान्यातला, बारीक जाडी मोजायचा त्यांचा मायक्रोमीटर मांडायचे आणि त्याच्या डबीला टेकवून भावोजींचं कार्ड. "ही आपली लक्ष्मी," ते म्हणायचे. पहिल्या वर्षी सुशीलाने नुसती कोरडी कुंकवाची चिमूट वाहिली, तर तिच्यावर ओरडले. "भीक घातल्यासारखं काय करतेस? ओलं कर. ठसठशीत लाव."

तेव्हापासून ती कुंकू पाण्यात कालवून करंगळीशेजारच्या बोटाने भावोजींच्या कपाळावर टिळा लावायची. दरवर्षी, जुन्यावर नवा. टेंबे लगेच भिंग लावून बघायचे. थोडा डावीकडे गेला तर पुसायला लावायचे. नीट पडला की मान मागे घेऊन म्हणायचे, "हं. बरोबर मध्यभागी." सुशीलाला त्या घरात मिळालेली शाबासकी मी ऐकली ती एवढीच.

सुशीलाची मोठी बहीण निर्मला, तिची माई, मिरजेला एकटी राहायची. शाळेतून रिटायर झालेली, स्वतःचं घर असलेली. माडीवरची खोली तिने सुशीलासाठी रिकामी ठेवली होती. दर रविवारी तिचा फोन यायचा. तिच्या डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी होत होता आणि त्यावर इलाज नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. फोन स्पीकरवर असला की मलाही ऐकू यायचं. "सुशे, कधी येतेस? मला दिसतंय तोवर ये गं."

सुशीलाला एवढंच हवं होतं. बहिणीला दिसतंय तोवर तिच्यासमोर जाऊन उभं राहायचं.

टेंब्यांचं उत्तर ठरलेलं. "एकदाच जायचं. कायमचं. कार्ड विकून, मानाने. मधे मधे तिकिटांवर पैसे उधळायचे नाहीत." आणि कार्ड कधी विकायचं? "आंबा पिकल्याशिवाय उतरवत नाहीत." आई गेली तेव्हा सुशीला मिरजेला जाऊन आली होती, ती शेवटची. त्यानंतर आंबा पिकायची वाट.

एकदा तो पिकलाही होता. लिचफील्डहून एक म्हातारे गृहस्थ आले होते, मिस्टर विटकम. आयुष्यभर जुनी कार्डं जमवलेले. त्यांनी भावोजींना हातात घेतलं, कुंकवाच्या डागाबद्दल विचारलं. सुशीलाने दारात उभी राहून इंग्रजीत जमेल तसं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे दरवर्षी कोणीतरी याला ओवाळलंय. माझ्याकडे असं एकही नाही." आणि त्यांनी किंमत सांगितली. चांगली किंमत. मी आणि तुमचे आजोबा समोरच बसलो होतो. सुशीलाच्या हातात बिस्किटांची बशी होती, ती तिने टेबलावर ठेवली आणि पदराला हात पुसले. निघायची तयारी असलेल्या माणसासारखे.

टेंबे हसले. "मिस्टर विटकम, तुम्ही इतक्या लवकर एवढी किंमत सांगितलीत, याचा अर्थ माझा माल याहून चांगला आहे. रिजेक्ट."

म्हातारे उठले, सुशीलाला थँक यू म्हणाले आणि गेले. सुशीलाने बशी उचलली. त्या रविवारी फोनवर निर्मला म्हणाली की पेपरातली मोठी अक्षरं दिसतात, बारीक दिसत नाहीत.

आणखी एक प्रसंग सांगते, कारण टेंबे फक्त बायकोशीच असे वागायचे असं तुम्हाला वाटायला नको.

प्रज्ञा गायकवाड म्हणून एक मुलगी आहे, हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट. तिचे वडील इथे बस चालवायचे. ते वारले तेव्हा ती टेंब्यांकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आली. आत फुटबॉलपटूंची कार्डं, बबलगमच्या पाकिटातली. शाळेची मुलं बसमध्ये सीटवर, सीटखाली टाकून जायची, ती वडिलांनी वेचून, पुसून ठेवली होती.

टेंब्यांनी आधी विचारलं, "गायकवाड म्हणजे कुठले?"

प्रश्न गावाचा नव्हता हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं. प्रज्ञालाही.

"स्मॉल हीथचे," ती म्हणाली. म्हणजे इथलेच, बर्मिंगहॅमचे.

मग टेंब्यांनी चिमट्याने एकेक कार्ड उचलायला सुरुवात केली. "कोपरा गेला. घडी. बुटाचा ठसा. याच्यावर तर कोणी च्युइंगम चिकटवलंय." चांगला तासभर चाललं होतं. शेवटी डब्याचं झाकण लावून त्यावर लाल ठिपका दिला आणि म्हणाले, "तुझ्या वडिलांनी जन्मभर कचरा गोळा केला. फक्त नीट रचून ठेवला."

प्रज्ञाने डबा मांडीवर घेतला. "काका, मी विकायला नव्हतं आणलं. यातले खेळाडू कोण कोण आहेत ते सांगाल का, म्हणून आणलं होतं. बाबा मला नावं सांगायचे, मी लक्ष दिलं नाही."

टेंबे म्हणाले, "मागे छापलेली असतात. वाचता येतं ना?"

सुशीला तिला फाटकापर्यंत सोडायला गेली. बराच वेळ परत आली नाही. तेव्हापासून प्रज्ञा त्या घरी यायची, पण फक्त टेंबे बाहेर असतील तेव्हा.

मग तुमची नवी कार्डं आली. म्हणजे पूर्वीही होती, पण मधल्या वर्षांत लोकांना त्यांचं वेडच लागलं. आत कापडाचा तुकडा, बॅटची ढलपी, सही, आणि मुद्दाम थोडीच छापलेली. एकेका कार्डाला मोटारीची किंमत, अशा बातम्या टेंबे मोठ्याने वाचून दाखवायचे. त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांनी एक सिद्धांत मांडला आणि मंडळात, पोस्टात, दातांच्या डॉक्टरकडे, भेटेल त्याला ऐकवला. "नदीला पूर आला की काठच्या विहिरींनाही पाणी चढतं. नव्याला एवढा भाव, तर जुन्याला किती येईल? विटकमला हाकललं ते उगाच नाही."

आमच्याकडे जेवताना एकदा हे सांगत होते. सुशीला ताटाकडे बघत हळूच म्हणाली, "आमच्याकडे कृष्णेचा पूर विहिरीत शिरला की ते पाणी पीत नाहीत. उपसून टाकतात."

"तुला अर्थशास्त्रातलं काय कळतं?" टेंबे म्हणाले. ती हसली नाही, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

सॉलिहलजवळच्या एका हॉटेलात कार्डांची जत्रा भरते. टेंब्यांच्या सांगण्यावरून मी दोघांना गाडीने घेऊन गेले. टेंब्यांनी सूट घातला होता. भावोजी आतल्या खिशात, दोन पुठ्ठ्यांच्या मधे.

हॉलमध्ये शिरल्यावर ते जरा गोंधळले. त्यांच्या ओळखीचे म्हातारे, अल्बम काखेत मारून फिरणारे, कुठेच नव्हते. चाकांच्या बॅगा ओढणारे तरुण होते. सगळीकडे पांढरे दिवे आणि प्लास्टिकच्या डब्या. कोणी कार्ड बघत नव्हतं. डबीच्या वरचा आकडा बघत होते. दहा. दहा. साडेनऊ. आकडा बघून मान हलवायची आणि पुढे जायचं.

एका टेबलावर डॉना नावाची बाई होती. दंडावर गोंदलेली फुलं, पूर्वी केस कापायचं दुकान होतं म्हणाली. नवी, जुनी सगळी कार्डं विकायची. टेंब्यांनी भावोजींना तिच्यासमोर ठेवलं, मुलगा दाखवायला आणावा तसं.

डॉनाने दिवा आडवा धरून बघितलं. "हा लाल डाग कसला, लव्ह?"

"तो धार्मिक आहे," टेंबे म्हणाले.

"देवाची हरकत नसेल. या लोकांची असते." तिने हॉलकडे बोट दाखवलं.

टेंब्यांनी तिला पूर आणि विहिरीचा सिद्धांत सांगितला. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतला. बाई दयाळू होती, त्यामुळे पुढचं जास्तच लागलं. ती म्हणाली, "हे खरंय की नव्या कार्डांचा पैसा जुन्यात येतो. पण तो कोणत्या जुन्यात येतो ते बघ. ही मुलं नव्यावरून एकच गोष्ट शिकलीत, मार्क बघायचे. जुनं कार्ड घ्यायला आले तरी तेच बघतात. कालच छापल्यासारखं जुनं असेल तर वेड्यासारखी किंमत देतात. शंभरात एखादंच तसं असतं. बाकीची? पूर्वी माझ्याकडे म्हातारी गिऱ्हाइकं यायची. कोपरा दुमडला असला तरी घ्यायची, संच पुरा करायला. त्यांच्यातले काही वारले, काहींनी आपलं सगळं विकून एक नवं चकचकीत घेतलं. आता दुमडलेला कोपरा फुकट दिला तरी कोणी वाकून उचलत नाही."

"विटकम म्हणून एक गृहस्थ आहेत," टेंबे म्हणाले. "लिचफील्डचे."

"होते," डॉना म्हणाली. "त्यांच्या मुलीने सगळे अल्बम मलाच दिले. टेबलाखाली आहेत, बघ. वजनावर घेतले मी."

टेंबे वाकले नाहीत. सुशीला वाकली. तिने एक अल्बम उघडून दोन-तीन पानं उलटली आणि परत नीट ठेवला.

"ठेव तू घरी," डॉना टेंब्यांना म्हणाली. "फ्रेम कर. छान दिसेल."

जन्मभर दुसऱ्यांना सुनावलेलं ते असं समोरून ऐकत होते, पण पटणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. गाडीत म्हणाले, "न्हावीण आहे. तिला काय कळतंय?" आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी भावोजींना मार्क देणाऱ्या कंपनीकडे पाठवून दिलं. खऱ्या तपासनिसाला खरा तपासनीसच ओळखेल, असं म्हणाले. मला त्यात एक गंमत दिसली. हजारो वस्तूंमध्ये केसाएवढा दोष शोधणाऱ्या या माणसाला कपाळावरचा तो लाल डाग दोष म्हणून दिसलाच नव्हता. कारण तो त्यांच्या हुकमाने पडला होता.

कार्ड परत यायला बरेच आठवडे लागले. त्या आठवड्यांत रविवारच्या फोनवर निर्मलाचा आवाज बदलत गेला. दारात आलेला माणूस कोण ते आता आवाजावरून ओळखते, म्हणाली. मग म्हणाली, भाजीवाली नोटा मोजून देते, बरी बाई आहे. एका रविवारी तिने "दिसतंय तोवर ये" हे वाक्य म्हटलंच नाही. सुशीलाने फोन ठेवल्यावर मला विचारलं, "ती विसरली असेल का गं?"

ती विसरली नव्हती.

भावोजी परत आले त्या दिवशी मी सुशीलाचं भांडं परत करायला गेले होते. टेंब्यांनी पाकीट माझ्यासमोरच फोडलं. प्लास्टिकच्या जाड डबीत भावोजी कायमचे बंद झाले होते. वर चिठ्ठी होती. अस्सल, असं लिहिलं होतं. आणि आकड्याच्या जागी काहीच नव्हतं. खाली बारीक अक्षरांत कारण होतं. पृष्ठभागावर बाहेरचा पदार्थ लावलेला आहे.

टेंब्यांनी ते भिंगाने वाचलं. परत वाचलं. मग किचनकडे तोंड करून ओरडले, "सुशीला! बघ काय करून ठेवलंस! तुझ्या त्या कुंकवाने सत्यानाश केला!"

सुशीला हात पुसत बाहेर आली. "मी कोरडं वाहत होते," ती म्हणाली.

"काय?"

"पहिल्या वर्षी मी कोरडं वाहिलं होतं. तुम्ही म्हणालात, ओलं कर, ठसठशीत लाव. बाजूला गेलं तर पुसून परत लावायला लावलंत." आवाज अजिबात चढला नव्हता. दुकानात सामान सांगावं तसं बोलली. "आणि दुसरं सांगायचं होतं. काल मिरजेहून शेजारणीचा फोन आला. माईला आता काहीच दिसत नाही. मी जातेय."

"कशावर जातेस? आता हे विकलं जाणार आहे का?"

"माझ्या पेन्शनवर."

शाळेत मुलांना जेवण वाढायचं काम तिने बरीच वर्षं केलं होतं. तिची पेन्शन तिच्या खात्यात येत होती. तिकिटाला ती केव्हाही पुरली असती. ती पैशासाठी थांबली आहे, असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. ती परवानगीसाठी थांबली होती.

टेंब्यांनी डबी टीव्हीजवळ पालथी ठेवली. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बरं बोलेल. ते म्हणाले, "आता जाऊन काय उपयोग? तिला तुझं तोंड दिसणार आहे का?"

"मला दिसतं ना अजून तिचं," सुशीला म्हणाली, आणि किचनमध्ये गेली.

ती निघाली तो दिवस खंडेनवमीचा होता. मुद्दाम धरला नव्हता, तिकीट त्या दिवसाचं मिळालं. टेंब्यांनी बजावलं होतं की या वर्षी पूजा नाही. सुशीलाने तरी पाट मांडला. त्यावर तिचं लाटणं, तिची कात्री आणि पासपोर्ट. मायक्रोमीटर कपाटात होता. भावोजी टीव्हीजवळ पालथे पडले होते.

प्रज्ञा तिला हीथ्रोला सोडायला गाडी घेऊन आली होती. मी सुशीलाला हळदकुंकू लावलं, हातावर दही दिलं. बॅग गाडीत गेली. टेंबे हॉलमध्ये उभे होते, सूट घालून, जणू प्रवासाला तेच निघाले होते.

"येते," सुशीला म्हणाली आणि त्यांच्याजवळ गेली. टेंब्यांनी पाठ ताठ केली, एक पाय थोडा पुढे घेतला. त्यांना वाटलं, ती पाया पडणार.

सुशीलाच्या हातात कुंकवाची वाटी होती. तिने त्यात दोन थेंब पाणी घातलं, करंगळीशेजारच्या बोटाने कालवलं आणि टेंब्यांच्या कपाळावर टिळा लावला. ठसठशीत. मग मान मागे घेऊन बघितलं.

"हं," ती म्हणाली. "बरोबर मध्यभागी."

वाटी माझ्या हातात दिली आणि जाऊन गाडीत बसली. प्रज्ञाने गाडी लगेच सुरू केली. त्या डबीत बंद झालेल्या भावोजींकडे दोघींपैकी कोणी बघितलं नाही.

मिरजेहून ती मला अजून फोन करते. पोचली त्या दिवशी निर्मलाने तिचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपून पाहिला आणि म्हणाली, "किती वाळलीस गं." मग विचारलं, "केस पांढरे झाले का?" सुशीला म्हणाली, "नाही." तेवढं एक खोटं ती बोलली. टेंबे गेल्याचं मी कळवलं तेव्हा तिने विचारलं, "दुखलं का त्यांना?" मी म्हटलं, "नाही." मग माईच्या औषधाची वेळ झाली म्हणून तिने फोन ठेवला. क्रिमेटोरियमला आली नाही.

पण मला टेंबे आठवतात ते सुशीला निघाली त्या दिवसाच्या दुपारचे. मी भाजी आणायला सुपरमार्केटमध्ये गेले होते. टोमॅटोच्या ढिगापुढे टेंबे उभे होते, त्याच सुटात. एकेक टोमॅटो उचलून भिंगाखाली फिरवत होते आणि बाजूला टाकत होते. येणारे-जाणारे त्यांच्या तोंडाकडे बघून नजर वळवायचे. एक छोटी मुलगी बोट दाखवत होती, तिच्या आईने तिचा हात खाली केला. कपाळावरचं कुंकू वाळून पक्कं बसलं होतं. ती गेल्यापासून त्यांनी आरशात पाहिलेलं नव्हतं. स्वतःकडे बघायची सवय त्यांना नव्हतीच.

मला बघून ते म्हणाले, "काय माल ठेवतात बघा, वहिनी. सगळा रिजेक्ट."

मी त्यांच्या कपाळाकडे बघितलं. ठिपका बरोबर मध्यभागी होता.

"हो टेंबे," मी म्हटलं, आणि माझे कांदे घेऊन काउंटरकडे गेले.